नव्या अकूस्टिक गिटारला जुनेपण देताना : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२५

गिब्सन कंपनीने १९४२ साली बाजारात आणलेल्या जे-४५ या उतरत्या खांद्यांच्या अकूस्टिक गिटारच्या घडणीवर बेतलेली एक गिटार माझ्या पुण्यातल्या कार्यशाळेत बांधून होत आली आहे. टॉप (समोरची फळी) स्प्रूसचा, मागची बाजू आणि कडा महॉगनीच्या, ब्रिज (टॉपवर तारा जिथे अडकवतात तो तुकडा) शिसवी. ज्यांच्यासाठी ती बांधली त्या मडगावच्या वादकांची इच्छा अशी, की ती हाती येईल तेव्हाच ऐंशी वर्षे वाजवलेली दिसावी. मूळ जे-४५ ची किंमत नावातच होती, पंचेचाळीस डॉलर. मिशिगनमधल्या कॅलामाझू इथल्या कारखान्यातून युद्धाच्या काळात ती साध्या, कामाच्या वाद्याच्या रूपाने बाहेर पडली. आज युद्धकाळातले चांगले वाद्य सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर गेले आहे, आणि ज्याच्याकडे ते आहे तो ते पावसात, प्रवासात, मांडवात नेण्याचे धाडस करत नाही. रूप जुने असले तरी बिनधास्त वापरता येईल असे वाद्य त्यांना हवे आहे आणि मला ही मागणी रास्त वाटते.

हे काम नवे नाही. फेंडरने १९९५ साली ‘रेलिक’ नावाने मुद्दाम झिजवलेल्या इलेक्ट्रिक गिटारी आणल्या, त्यामागे विन्स क्युनेटो यांचे हात होते. गिब्सनमध्ये टॉम मर्फी यांनी हेच काम वर्षानुवर्षे केले आणि २०२१ पासून त्यांच्या नावाची मर्फी लॅब सुरू झाली. नॉर्थ कॅरोलायनात प्री-वॉर गिटार्स ही कंपनी मार्टिन या अमेरिकी गिटार कंपनीच्या युद्धपूर्व वाद्यांच्या धर्तीवर गिटारी घडवते आणि गिऱ्हाइकाने मागितले तितके जुनेपण देते. पण अकूस्टिकवर हे काम करणे इलेक्ट्रिकपेक्षा अवघड आहे, कारण इलेक्ट्रिकचा ठोकळा दोन इंच जाड असतो आणि इथे हात अडीच-तीन मिलिमीटरच्या पातळ, आवाज देणाऱ्या फळीवर चालवायचा असतो.

वादकांशी तीन गोष्टी लेखी ठरवल्या. हेडवर (नेकच्या टोकावर) गिब्सनचे नाव किंवा युद्धकाळातली घोषवाक्याची ती प्रसिद्ध फीत येणार नाही. ब्रेसिंग (टॉपच्या आतल्या आधारपट्ट्या), नेकचा (मानेचा) कोन, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि ब्रिजखालचा सांधा यांना जुनेपणाच्या नावाखाली हात लावला जाणार नाही. आणि बॉडीच्या आत, साउंडहोलमधून (टॉपमधल्या गोल भोकातून) सहज वाचता येईल अशा जागी, ही गिटार नवी असून तिला जुने रूप दिले आहे असे वर्षासह लिहिलेले असेल.

१६ जानेवारी

मुंबईतल्या एका संग्राहकांनी त्यांची चाळीसच्या दशकातली, भरपूर वाजलेली गिटार निवांत पाहू दिली. कॅमेऱ्यापेक्षा तिरका धरलेला दिवा जास्त उपयोगी पडला. समोरून पाहताना सपाट वाटणारा टॉप बाजूच्या उजेडात चिरा, दबलेल्या जागा आणि नखांच्या खुणांनी भरलेला दिसतो.

घरी येऊन झिजेचा नकाशा काढला. तो काढताना एक गोष्ट पक्की झाली आणि पुढचे सगळे काम तिच्यावर उभे राहणार आहे : वाद्य आपोआप झिजत नाही, ते एका माणसाच्या सवयींनी झिजते. उजव्या हाताचा कोपराजवळचा भाग बॉडीच्या ज्या कडेवर टेकतो तिथे घामाने लॅकर (लाकडावरचा चकचकीत लेप) आधी मऊ होते आणि मग पुसले जाते. पिक (तारा छेडायची चपटी चकती) धरणारा वादक साउंडहोलच्या खालच्या अंगाला, पिकगार्डच्या (पिकपासून टॉप वाचवणाऱ्या पातळ पट्टीच्या) टोकापलीकडे खरवडतो. करंगळी टेकवून बोटांनी वाजवणारा एकाच ठिकाणी लहानसा गोल पाडतो. डाव्या अंगठ्यामुळे नेकची पाठ पहिल्या तीन-चार फ्रेटपर्यंत उघडी पडते आणि सातव्याच्या पुढे बहुधा चकचकीतच राहते. उभे राहून वाजवणाऱ्याच्या गिटारच्या पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे असतात, बसून वाजवणाऱ्याच्या गिटारवर ते नसतात, मात्र खालच्या कमरेची कड मांडीवर घासून गुळगुळीत होते. अमेरिकी गायक विली नेल्सन यांच्या ‘ट्रिगर’ या मार्टिन एन-२० गिटारला साउंडहोल आणि ब्रिज यांच्यामध्ये चक्क भोक पडले आहे. ती नायलॉनच्या तारांची, पिकगार्ड नसलेली क्लासिकल धाटणीची गिटार आणि ते ती पिकने वाजवतात. ही दोन कारणे ठाऊक असली की भोक तिथेच का पडले हे वेगळे समजवावे लागत नाही.

बाजारात दिसणाऱ्या पुष्कळशा ‘झिजवलेल्या’ गिटारी मला खोट्या वाटतात त्या याच कारणाने. बकलाचे ओरखडे आहेत, मांडीची झीजही आहे, करंगळीचा गोल आहे, पिकची खरवड आहे. सगळ्या खुणा आहेत आणि माणूस कुठेच नाही. म्हणून आधी माणूस ठरवायचा. मडगावच्या वादकांना फोनवर विचारले तेव्हा ते म्हणाले, “मी उभा राहूनच वाजवतो, पिकनेच वाजवतो आणि कपो (नेकवर तारा दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या वर क्वचितच नेतो.” मग ही गिटार त्यांच्याच सवयीने झिजलेली असेल. पुढे त्यांची स्वतःची झीज ह्याच जागांवर पडत जाईल आणि माझे काम हळूहळू त्यांच्या कामाखाली जाईल.

३ फेब्रुवारी

टॉपचे लाकूड आधीच भट्टीत तापवलेले आहे. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या भट्टीत स्प्रूस तापवले की त्यातले हेमिसेल्युलोज मोडते, लाकूड हलके आणि ताठ होते, हवेतली ओल कमी शोषते, आणि रंग पृष्ठभागापुरता न राहता आतपर्यंत तांबूस होतो. शेवटचा गुण माझ्या कामाचा आहे, कारण लॅकर घासून लाकूड उघडे केले की खाली ताज्या स्प्रूसचा पांढुरका रंग निघणार नाही. दोष असा, की असे लाकूड ठिसूळ असते. कडेला दाब जास्त झाला तर खपली निघते.

त्याखेरीज टॉपला आठवडाभर दुपारचे ऊन दाखवले. उन्हाने लाकडातले लिग्निन पिवळे पडते. पिकगार्डच्या आकाराचा जाड कागद त्याच्या जागी चिकटवून ठेवला, म्हणजे उद्या कोणी पिकगार्ड काढला तर खाली फिकट सावली सापडेल. उन्हात ठेवताना पृष्ठभागाचे तापमान मोजत राहिलो आणि ते ४५ अंशांच्या पुढे जाऊ दिले नाही; त्यापुढे सांध्यांतल्या गोंदाची परीक्षा पाहण्याचे कारण नाही.

१७ फेब्रुवारी

लॅकरचा निर्णय झाला. १९२० च्या दशकात अमेरिकी कारखाने लाखेच्या पॉलिशवरून आणि व्हार्निशवरून नायट्रोसेल्युलोजकडे वळले, कारण ते स्प्रेने मारता येत होते आणि लवकर सुकत होते. आपल्याकडे फर्निचरवाले ज्याला एनसी म्हणतात ते हेच. पॉलिशमिस्त्री पीयू (पॉलियुरेथेन) आणि मेलामाइन या लेपांकडे वळले असले तरी एनसीचा डबा अजून रंगाच्या दुकानात मिळतो. पीयू या कामाला निरुपयोगी आहे. ते एकदा जमले की प्लास्टिकसारखे राहते, त्याला वय दिसत नाही.

मात्र फर्निचरच्या एनसीमध्ये प्लास्टिसायझर, म्हणजे थर लवचीक ठेवणारा घटक, भरपूर असतो. पंख्याखाली, गॅलरीत, स्वयंपाकघरात चिरा पडू नयेत म्हणूनच तो घालतात. जुन्या गिटारींच्या लॅकरमधला प्लास्टिसायझर अनेक दशकांत उडून गेला, थर आकसला, ठिसूळ झाला, आणि मग थंडीच्या एखाद्या प्रवासात तडकला. मला ते ठिसूळपण पहिल्यापासून हवे असल्याने वाद्यांसाठीचे, कमी प्लास्टिसायझरचे लॅकर मागवले आणि त्याच झाडाच्या उरलेल्या स्प्रूसच्या पट्ट्यांवर वेगवेगळ्या जाडीचे थर मारून ठेवले. पातळ थर तडकायला नाखूश असतो आणि फार जाड थर तडकतो तो ओबडधोबड. मधली जाडी हाताने शोधावी लागते.

सनबर्स्टचा (मध्ये उजळ, कडेला गडद होत जाणारा) रंग लाकडात न मुरवता लॅकरमध्येच मिसळला आहे. त्यामुळे जिथे लॅकर झिजेल तिथे कडेचा काळपट तपकिरी रंगही त्याच्याबरोबर जाईल आणि उघडे लाकूड दिसेल. रंग लाकडात मुरवला असता तर कितीही घासले तरी कड काळीच राहिली असती, आणि जाणत्या डोळ्याला ते लगेच खटकले असते.

९ मार्च

लॅकरचे थर पूर्ण. पुण्यात या दिवसांत हवा कोरडी असते म्हणून हे काम मुद्दाम आत्ता केले. पावसाळ्यात एनसी मारले तर थिनर उडताना पृष्ठभाग गार होऊन हवेतली ओल त्यावर बसते आणि थर पांढरट पडतो. घासून आणि चकाकी आणून झाली. काही जण जुनेपण द्यायचे म्हणून पहिल्यापासूनच मॅट थर देतात. मला ते पटत नाही. जुनी गिटार एके काळी चकचकीत होती आणि न झिजलेल्या जागांवर, विशेषतः नेक जिथे बॉडीला मिळतो त्या कोपऱ्यात, तिची चकाकी अजून शिल्लक असते. आता तीन आठवडे थांबायचे.

३० मार्च

आज चिरा. जुन्या लॅकरच्या या चिरांना सगळे जण चेकिंग म्हणतात.

आधी त्या कशा पडतात याचा विचार लिहून ठेवतो, कारण दिशा चुकली की सगळे वाया जाते. थंडीने लॅकर खूप आकसते. लाकूड त्या मानाने थोडे आकसते, आणि त्यातही रेषांच्या आडव्या दिशेने जितके आकसते त्याच्या एका लहान अंशाइतकेच उभ्या दिशेने. म्हणजे लॅकर आणि लाकूड यांच्यातली ओढाताण टॉपच्या लांबीच्या दिशेत सर्वांत जास्त होते, आणि थर ओढीच्या काटकोनात फाटतो. म्हणून थंडीच्या चिरा टॉपवर आडव्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे धावतात. हवेतल्या ओलीने लाकूड फुगते ते रुंदीच्या दिशेने. त्या चिरा रेषांबरोबर उभ्या जातात. युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्यात फिरलेल्या गिटारवर आडव्या चिरांचे राज्य असते. ब्लेडने चिरा कोरणारे कारागीर आहेत आणि त्यांतल्या उत्तम हातांचे काम मी पाहिले आहे, पण ब्लेडच्या रेघेला दोन्ही बाजूंनी बारीक कंगोरा उठतो. तडकलेल्या थराची कड स्वच्छ आणि तीक्ष्ण असते.

नेक आणि ब्रिज बसवण्यापूर्वीच हे काम करायचे ठरवले होते, म्हणजे सांध्यांवर ताण येत नाही. बॉडी हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली, कारण बाहेर काढल्यावर थंड लाकडावर थेट दव बसू द्यायचे नव्हते. उबदार खोलीतून ती उणे अठरा अंशांच्या आडव्या डीप फ्रीझरमध्ये गेली. बाहेर काढून पिशवी न उघडता थोडा वेळ टेबलावर ठेवली, मग पुन्हा आत. दुसऱ्या फेरीनंतर पिशवीतूनच आवाज ऐकू आला, भाजलेला पापड मोडताना येतो तसा बारीक आणि कोरडा, थांबून थांबून. पहिली चीर ब्रिजच्या जागेमागून, उजवीकडच्या कडेवरून निघाली होती, टॉपच्या मध्यापर्यंत किंचित चढत आली, मधल्या सांध्यापाशी क्षणभर अडल्यासारखी तुटली आणि दोन-तीन मिलिमीटर वर सरकून पलीकडे पुन्हा सुरू झाली. असे तुटणे हाताने काढता येत नाही.

काही जागांवर, विशेषतः वरच्या खांद्यावर, चिरा विरळच राहिल्या. तिथे डबा उलटा धरून एअर डस्टरमधला द्रव वायू नेमका सोडला. हा द्रव कातडी जाळतो आणि त्याची वाफ पेट घेते. जाड हातमोजे आणि उघडी खिडकी याशिवाय हे करू नये. तरीही सगळीकडे सारख्या चिरा आणण्याचा मोह टाळला. महॉगनीची पाठ जवळजवळ कोरी ठेवली आहे, कारण केसमध्ये पडून राहिलेली पाठ टॉपइतकी थंडी-ऊन सोसत नाही.

१३ एप्रिल

नेक आणि ब्रिज बसले, पिकगार्ड चिकटवला, आणि आज प्रत्यक्ष झीज.

हातातल्या साधनांत स्क्रेपर, ८०० पासून २००० पर्यंतचे पॉलिश पेपर, अगदी बारीक स्टील वूल आणि जुन्या जीन्सचे तुकडे. सुरुवात कोपराच्या जागेपासून. इथे पेपर वापरला की सीमारेषा ठळक येते आणि चोरी पकडली जाते. घामाने गेलेल्या लॅकरची कड वितळल्यासारखी, पातळ होत होत नाहीशी झालेली असते. म्हणून थिनरचा अगदी पुसट हात असलेल्या कापडाने थर मऊ केला आणि जीन्सने, हाताच्या नैसर्गिक हालचालीच्या दिशेनेच, घासत राहिलो.

सर्वांत जास्त वेळ साउंडहोलच्या खालच्या अंगाला गेला. स्प्रूसमध्ये वसंतातली मऊ रेघ आणि उन्हाळ्याअखेरची कठीण, गडद रेघ एकाआड एक असतात. पिकची टोके वर्षानुवर्षे लागली की मऊ रेघ खोल जाते आणि कठीण रेघ बारीक कण्यासारखी वर राहते. बोट फिरवले तर ते आधी बोटाला कळते आणि मग डोळ्याला. पॉलिश पेपर दोन्ही रेघा सारख्या कापतो आणि जागा सपाट, मेलेली करून टाकतो. इथे मऊ पितळी ब्रश रेषांच्या दिशेने चालवला, त्यानंतर खऱ्या पिकनेच, दुसऱ्या एका गिटारवर ताल धरावा त्याच कोनातून, फटकारे मारले. खाली ब्रेसिंगच्या जवळची फळी किती उरली हे दर थोड्या वेळाने आरसा आणि दिवा आत घालून पाहिले. अर्धा मिलिमीटरसुद्धा इथे खूप असतो.

ठोक्यांबद्दल. किल्ल्यांचा जुडगा आपटण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती ओळखू येते, कारण एकच किल्ली एकच खूण दहा ठिकाणी सोडते. खऱ्या ठोक्यांना वेगवेगळी कारणे असतात : माइकच्या स्टँडचा गोल काठ, टेबलाचा कोपरा, केसचे झाकण पडल्याची सरळ रेघ. थोडेच ठोके दिले. त्यांचा क्रम मात्र सांभाळला. काही चिरा पडण्यापूर्वीच दिले होते, त्यामुळे चिरा त्या खळग्यांतून वाकून गेल्या. काही आज दिले आणि त्यांनी चिरांच्या जाळ्यातल्या लॅकरच्या लहान खपल्या उडवल्या. जुन्या वाद्यावर सगळ्या जखमा एका वयाच्या नसतात. त्या एका वयाच्या दिसल्या की जाणकाराला लगेच शंका येते.

फ्रेट आणि फिंगरबोर्डचा पृष्ठभाग मी झिजवला नाही. बोर्डाच्या कडा तेवढ्या हाताला लागणार नाहीत इतक्या गोल केल्या. पहिल्या तीन फ्रेटवर खड्डे असलेले फोटो छान दिसतात, पण तारा झणझणल्या तर ते वाद्य वाजवण्याजोगे राहत नाही, आणि ही गिटार वाजवण्यासाठी आहे.

२१ एप्रिल

मळ. चिरा मळाशिवाय दिसतच नाहीत. फ्रीझरमधून काढलेली बॉडी समोरून पाहिली तर नवीच वाटत होती.

काजळी, पिवडी आणि थोडा गेरू, म्हणजे आपले जुने पॉलिशमिस्त्री लाकडाची भर लपवायला वापरत आले तेच तीन रंग, मेणात घोटून घेतले. काळे बूट पॉलिश अनेक जण वापरतात. मी टाळतो, कारण त्यातले रंगद्रव्य उघड्या लाकडात कायमचे उतरते आणि काही पॉलिशांत सिलिकॉन असते. उद्या कोणाला त्या जागी लॅकर दुरुस्त करायचे झाले तर थर धरणार नाही. पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याची सोय पाहणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. मेण चिरांत भरून वरचे स्वच्छ पुसले. कोपराच्या उघड्या जागी रंग करडा हवा, तपकिरी नको : घाम आणि धूळ बसलेले स्प्रूस करडे होते.

शेवटी सगळ्या उघड्या लाकडावर चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून केलेल्या अगदी पातळ पॉलिशचा एक हात दिला. तो दिसत नाही, पण लाकूड उघडे राहत नाही.

२७ एप्रिल

धातूचे काम लवकर झाले. ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) निकेलचे. झाकणाच्या डब्यात, धातू थेट बुडणार नाही असे टांगून, खाली थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल ठेवले आणि हा डबा गच्चीवर, वाद्यांपासून आणि अवजारांपासून दूर ठेवला, कारण त्या वाफेने कार्यशाळेतले सगळे लोखंड गंजते. चकाकी मंदावताच काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुतले आणि दात्यांना तेल दिले. हाडाचा नट आणि सॅडल (तारा ज्यांवर टेकतात त्या नेकवरच्या आणि ब्रिजवरच्या पट्ट्या) चहाच्या कोऱ्या अर्कात रंगवले.

४ मे

एका परिचित वादकांनी स्पष्ट विचारले, की ही फसवणूक नाही का? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर कामातच द्यावे लागते. फसवणूक घडते ती विक्रीच्या टेबलावर, वाद्य दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेल्यावर, बांधणारा जवळ नसताना. म्हणून टॉपच्या आतल्या बाजूला ब्रेसवर शाईने आणि पाठीवरच्या चिठ्ठीवर छापील अक्षरांत वर्ष लिहिले आहे. चिठ्ठी काढता येते. ब्रेसवरचा मजकूर खरवडला तर खरवडल्याची खूण राहते. याशिवाय जुने नायट्रोसेल्युलोज अतिनील दिव्याखाली हिरवट-पिवळे चमकते आणि नवे तितके चमकत नाही. खरेदीपूर्वी असा दिवा फिरवणे जाणकार खरेदीदारांत रूढ आहे. ती चमक आणण्याचा मी प्रयत्न केलेला नाही आणि करणार नाही.

११ मे

फॉस्फर ब्राँझच्या बारा-त्रेपन्नच्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) तारा चढवल्या. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २.४ मिलिमीटर, बारीक तारेची १.८.

आवाज मोकळा आणि कोरडा आहे, मधल्या सुरांत भरीव. याचे श्रेय चिरांना देणारे लोक भेटतील, पण मला तसे वाटत नाही. तापवलेला टॉप, हलके ब्रेसिंग आणि मुळातच पातळ मारलेला लॅकर यांचा हा आवाज आहे, आणि तो झीज देण्यापूर्वीही पुष्कळसा असाच होता. झिजेने बदलते ते वादकाचे वागणे. मडगावचे वादक आज आले. नवी गिटार देताना माणसे ती काचेची असल्यासारखी धरतात. यांनी ती खांद्याला लावून पहिल्या मिनिटातच जोरात वाजवायला घेतली, आणि कोपर नेमका कोपराच्याच जागी टेकला.

सोबत दिलेल्या सूचना इथेही नोंदवतो. गोव्याच्या पावसाळ्यात केसमध्ये आर्द्रता मोजणारे लहान यंत्र आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखावा; तडकलेले लॅकर ओल पूर्वीसारखी अडवत नाही. रबराच्या पकडीचा स्टँड आणि व्हिनाइलचा पट्टा गिटारवर टेकवून ठेवू नये, कारण त्यांतली रसायने नायट्रोसेल्युलोज मऊ करून चिकट डाग पाडतात. सुती पट्टा वापरावा. वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसावी, बाजारी पॉलिश मुळीच लावू नये. जुलैअखेर तारांची उंची वाढलेली वाटली तर सॅडल घासण्यापूर्वी मला कळवावे, कारण ती ओलीने फुगलेल्या टॉपची उंची असेल आणि दिवाळीपर्यंत उतरेल.